पंधरा शतांश

बँकेत उमेदीची सगळी वर्षं घालवलेल्या माणसाला दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांचा एक वेगळाच धाक असतो. संगणक येण्याआधीच्या काळात दिवसअखेरचा ताळा जुळला नाही, तर पंधरा पैशांपायी अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसून राहायची. खिशातून पंधरा पैसे टाकून मोकळं होण्याची सोय नव्हती. फरक म्हणजे फरक. तो कुठल्या तरी वहीत, कुठल्या तरी पानावर, कुणाच्या तरी हातून झालेला असतो आणि तो शोधावाच लागतो. त्या सवयीपोटीच असेल, १४ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रिओ ऑलिंपिकमधली महिलांची व्हॉल्टची अंतिम फेरी संपली आणि पडद्यावर गुणांची यादी आली, तेव्हा मी सगळ्यात आधी वजाबाकी केली. तिसऱ्या क्रमांकावर स्वित्झर्लंडची ज्युलिया स्टाइनग्रुबर, १५.२१६. चौथ्या क्रमांकावर आगरतळ्याची दीपा कर्माकर, १५.०६६. फरक ०.१५०. म्हणजे पंधरा शतांश.

आपल्याकडे तो रविवार होता आणि मध्यरात्र उलटत होती. चांदुरात पाऊस होता. आमच्या शाखेतला दफ्तरी, त्याची बायको आणि बारा वर्षांची मुलगी आमच्या घरी सामना पाहायला आली होती. सामना हा शब्द त्याचा; त्याच्या लेखी टीव्हीवर जे काही देशासाठी खेळलं जातं ते सगळं सामनाच. दीपा धावायला लागली तेव्हा त्यानं विचारलं होतं, "साहेब, थे पोट्टी पडली तं?" मी म्हटलं, पडली तर पडली. "तसं नाही जी, मानेवर पडली तं?" मी काही बोललो नाही. मुलगी मात्र वडिलांवर डाफरली, "बाबा, तुम्ही चूप बसा ना थोडे."

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ती उडी काय आहे हे आधी सांगायला हवं.

व्हॉल्ट म्हणजे पूर्वीचा घोडा. आता त्याचं रूपांतर फुगीर पाठीच्या टेबलात झालेलं आहे. बायकांसाठी त्याची उंची सव्वा मीटर. फार तर पंचवीस मीटर धावायचं, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय एकदम आपटायचे, तळहात टेबलावर टेकवून ढकलायचं आणि हवेत जे काही करायचं ते करून पलीकडच्या मॅटवर उभं राहायचं. सगळा खेळ पाच-सहा सेकंदांचा. अंतिम फेरीत अशा दोन वेगवेगळ्या उड्या आणि त्यांची सरासरी. दीपाची दुसरी उडी प्रोडुनोव्हा. रशियाच्या येलेना प्रोडुनोव्हानं १९९९ साली ती स्पर्धेत केली म्हणून तिचं नाव उडीला लागलं. हात टेबलावरून सुटल्यावर शरीर गोळा करून पुढच्या दिशेनं दोन पूर्ण कोलांट्या, आणि मग पाय. मागच्या दिशेच्या कोलांटीत शेवटच्या क्षणी जमीन डोळ्यांना दिसते. पुढच्या दिशेच्या कोलांटीत ती दिसत नाही. अंदाजानं पाय सोडायचे. अर्धी कोलांटी कमी पडली तर माणूस पायांवर येत नाही, मानेवर किंवा पाठीवर येतो. दफ्तऱ्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण शेतात बैलगाडीवरून पडलेली माणसं पाहिलेला तो गडी होता. त्याला बघताक्षणी कळलं.

आता हिशेब. जिम्नॅस्टिक्समध्ये एके काळी दहापैकी गुण असत. १९७६ साली माँट्रियलला रुमानियाच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले आणि फलकावर चार आकड्यांची सोयच नसल्यामुळे १.०० असे उमटले, ही गोष्ट त्या वेळी नागपूरच्या पेपरात वाचल्याचं मला आठवतं. पेपर गाडीनं यायचा आणि गाडी उशिरा यायची, म्हणून ती बातमी आम्ही दुपारी वाचली. नादिया तेव्हा चौदा वर्षांची होती, जवळजवळ आमच्याच वर्गातली म्हणावी अशी. ती दहाची पद्धत २००६ मध्ये गेली. आता दोन खाती आहेत. एक अवघडपणाचं: उडी जितकी कठीण, तितके गुण आधीच ठरलेले. दुसरं सफाईचं: तिथं दहापासून सुरुवात आणि मग पाय वाकला, पाऊल सरकलं, गुडघे फाकले की कपात, पगाराच्या चिठ्ठीत असते तशी. दोन्हींची बेरीज म्हणजे गुण.

रिओच्या वेळी प्रोडुनोव्हाच्या अवघडपणाची किंमत ७.० होती. बायकांच्या व्हॉल्टमध्ये याहून मोठा आकडा नव्हता. अमेरिकेची सिमोन बाइल्स, जी त्या रात्री १५.९६६ गुणांनी सुवर्णपदक घेऊन गेली, तिच्या उड्या ६.३ आणि ६.४ च्या घरातल्या होत्या. त्या ती अशा उतरायची की कपात करायला जागाच उरू नये. दीपाला त्या रात्री पहिल्या उडीला १४.८६६ मिळाले आणि प्रोडुनोव्हाला १५.२६६. उतरताना ती खोल बसली, इतकी की बैठक मॅटला लागते की काय असं वाटलं, आणि मग ती उभी राहिली. ते पंधरा शतांश कुठल्या पानावर हरवले हे शोधायचं तर ते तिथं आहेत, त्या बैठकीत. सरासरीमुळे प्रोडुनोव्हाच्या एका उडीत अजून तीस शतांश मिळाले असते तर बरोबरी झाली असती. उभी उतरती तर पदक होतं.

आता बँकवाल्याच्या नजरेनं याकडे पाहा. कर्ज देताना आम्ही तीन गोष्टी बघायचो: रक्कम किती, परतफेड कशातून होणार आणि तारण काय. या उडीत रक्कम मोठी म्हणजे ७.०. परतफेड पदकातून. आणि तारण म्हणून ही मुलगी स्वतःची मान ठेवत होती. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो मंजूर केला नसता. पण मंजूर न करणाऱ्याला हेही विचारलं पाहिजे की तिच्याजवळ तारण ठेवायला दुसरं काय होतं?

दीपाचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ चा. वडील दुलाल कर्माकर हे क्रीडा प्राधिकरणात भारोत्तोलनाचे प्रशिक्षक. सहाव्या वर्षाच्या सुमारास तिला जिम्नॅस्टिक्सला घातलं, तेव्हा तिचे तळपाय सपाट आहेत हे लक्षात आलं. पायाला कमान नसेल तर उडीला स्प्रिंग मिळत नाही आणि उतरताना झटका थेट गुडघ्यात जातो. कुठल्याही निवड समितीनं तिला पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं. बिश्वेश्वर नंदी या प्रशिक्षकानं ते पाय वर्षानुवर्षं व्यायामानं वळवून घेतले. आगरतळ्याच्या ज्या विवेकानंद व्यायामागारात तिची सुरुवात झाली, तिथं नीट साधनं नव्हती. पुढं प्रोडुनोव्हाच्या सरावासाठी भंगारातल्या स्कूटरच्या सुट्या भागांचा स्प्रिंगबोर्ड आणि एकावर एक रचलेल्या मॅटचं टेबल असा जुगाड केलेला होता. त्यावर ही जगातली सगळ्यात धोक्याची उडी ती शिकली. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तिनं पाच सुवर्णपदकं घेतली. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळालं. त्या स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०१५ मध्ये हिरोशिमाला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पाचवी. एप्रिल २०१६ मध्ये ती ऑलिंपिकला पात्र ठरली. १९६४ नंतर भारताचा एकही जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेलेला नव्हता आणि स्त्री तर कधीच नाही.

हे वाचताना मला नेहमी एक प्रश्न छळतो. आगरतळा का? अमरावती का नाही?

बाहेरच्या वाचकाला हा प्रश्न विचित्र वाटेल, पण वऱ्हाडातल्या माणसाला तो वाटू नये. आमच्या चांदूर रेल्वेहून (चांदूर बाजार वेगळं, या दोन चांदुरांच्या घोळात किती ड्राफ्ट भलत्याच गावी जाऊन आले याचा हिशेब नाही) अमरावती तीसेक किलोमीटर. तिथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, आमच्या भाषेत हनुमान आखाडा, १९१४ पासून उभा आहे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी तो काढला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या आखाड्याचं पथक जर्मनीत गेलं आणि मल्लखांबासारखे आपले खेळ जगापुढं करून आलं. ज्या काळात इथून मुंबई दूर वाटायची त्या काळात वऱ्हाडातली पोरं बर्लिनला उलटी टांगून घेत होती! दोरीच्या मल्लखांबावर मुली चढतात, ते आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही.

आणि आखाडाच कशाला? चांदूर तालुक्यातलंच सावंगा विठोबा घ्या. गुढीपाडव्याला तिथं अवधूत महाराजांची यात्रा भरते, कापराच्या राशी जळतात आणि सत्तर फुटांहून उंच अशा दोन झेंड्यांना नवी खोळ चढवली जाते. ती चढवणारा माणूस दोराच्या आधारानं वर जातो, तेही झेंड्याला पायाचा स्पर्श होऊ न देता. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलं आहे. खाली हजारो माणसं आणि वर एकच. त्याच्याखाली मॅट नसते. तेव्हा शरीर तोलण्याची, हवेत वळण्याची, पडण्याची भीती गिळण्याची विद्या आमच्या मातीत नाही असं कुणी म्हणू नये. मग आमची दीपा कुठं आहे?

माझं उत्तर असं आहे, आणि ते आखाड्यातल्या जुन्या मंडळींना आवडेल असं नाही. आमच्या परंपरेनं शिक्षक घडवले. हनुमान आखाड्याच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले पी.टी.चे मास्तर महाराष्ट्रभर गेले. माझ्या शाळेतलेही तिथलेच होते. हे काम थोर आहे. पण त्याचं रूप प्रात्यक्षिकाचं आहे. २६ जानेवारीला, गणेशोत्सवात, पाहुणे आले की मल्लखांबाचे मनोरे उभे राहतात, टाळ्या पडतात, मनोरे उतरतात. प्रात्यक्षिकात पंधरा शतांश नसतात. तिथं कुणी चौथं येत नाही. आणि जिथं चौथं येण्याची सोय नाही तिथं तिसरं येण्याचीही नाही. आगरतळ्यात उलटं झालं. त्या गावाला शतकाची परंपरा नव्हती. पण १९७५ मध्ये तिथल्या मंटू देवनाथला जिम्नॅस्टिक्ससाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, मग कल्पना देवनाथला मिळाला, आणि एकाच्या हाताखाली दुसरा, दुसऱ्याच्या हाताखाली तिसरी अशी स्पर्धेची साखळी तुटली नाही. महाराष्ट्रातही मुली आहेत. ठाण्याच्या संयुक्ता काळेनं रिदमिक प्रकारात राष्ट्रीय स्पर्धांत सुवर्णपदकांची रास घातली. पण रिदमिक म्हणजे चेंडू, रिबन, हूप यांचा खेळ. आर्टिस्टिकला व्हॉल्ट लागतो, बार लागतात, बीम लागतो, स्पंजच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा लागतो आणि या सगळ्यांवर छप्पर लागतं. ते तालुक्याच्या गावी नसतं.

पुन्हा त्या उडीकडे येतो. प्रोडुनोव्हानंतर ही उडी स्पर्धेत करणाऱ्या बायकांची यादी पाहा. डॉमिनिकन प्रजासत्ताकाची यामिलेत पेन्या. इजिप्तची फद्वा महमूद. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना. भारताची दीपा कर्माकर. या यादीत अमेरिका नाही, चीन नाही. ज्यांच्याकडे साधनं, दहा-दहा प्रशिक्षक आणि मुलींची रांग आहे, त्या देशांनी ही उडी घेतली नाही. त्यांना गरज नव्हती. ते ६.३ ची उडी सफाईनं करून पुढं जात. ज्यांच्याकडे सफाई आणायला लागणारी वीस वर्षांची व्यवस्था नव्हती, त्यांनी अवघडपणाचा मोठा आकडा घेतला आणि बाकीचं अंगावर काढलं. कोरडवाहू शेतकरी सावकाराकडून चढ्या व्याजानं पैसा उचलतो, तो त्याला व्याजाचं गणित कळत नाही म्हणून नव्हे. दुसरं दार बंद असतं म्हणून. वऱ्हाडात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोष कुणाचा? मी दीपाला देणार नाही, नंदींनाही देणार नाही. ज्यांनी त्या उडीला ७.० चा भाव लावून ठेवला, त्यांचा आहे. भाव लावला की कुणीतरी माल आणणारच. रिओनंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं तो आकडा ६.४ वर आणला. उशिरा का होईना, शहाणपणाचं झालं. पण त्या आधीच्या वर्षांत ज्या मुली पाठीवर पडल्या त्यांच्या हिशेबाचं काय, हे कुणी विचारलं नाही.

चुसोविटिनाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्या रिओच्या अंतिम फेरीत तीही होती, एकेचाळीस वर्षांची, आणि तिनंही प्रोडुनोव्हाच केली. पाय लागले, पण तोल पुढं गेला आणि ती कोलांटून पडली. सातवी आली. ही बाई सोव्हिएत संघाकडून खेळली, तो देश राहिला नाही. मग उझबेकिस्तानकडून खेळली. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचारासाठी जर्मनीला गेली आणि पुढं जर्मनीकडूनही खेळली. २००८ मध्ये बीजिंगला तेहतिसाव्या वर्षी तिनं व्हॉल्टचं रौप्य मिळवलं. मुलगा बरा झाला, ती पुन्हा उझबेकिस्तानकडे आली. जिम्नॅस्टिक्स हा लहान मुलींचा खेळ आहे असं नादियाच्या काळापासून आपण धरून चाललो होतो. या बाईनं ते खोटं ठरवलं, तेही कुठलं तत्त्वज्ञान न सांगता.

दीपाचा तेविसावा वाढदिवस त्या रिओतच, अंतिम फेरीच्या पाच दिवस आधी झाला. नंदींनी तिच्या फोनमधलं सिमकार्ड काढून ठेवलं होतं. आईवडिलांखेरीज कुणाशी बोलायचं नाही. वर्तमानपत्रांनी हे मोठ्या कौतुकानं छापलं. माझ्यातल्या कादंबरीकाराला मात्र त्या खोलीतली ती संध्याकाळ स्वस्थ बसू देत नाही. सहाव्या वर्षापासून एकाच गुरूच्या नजरेखाली वाढलेली तेवीस वर्षांची बाई, देशभरातून शुभेच्छा येताहेत, आणि तिच्या हातातला फोन मुका. गुरूची माया खरी होती यात मला शंका नाही. पण मायेचं आणि ताब्याचं खातं आपल्याकडे एकाच पानावर लिहितात.

नंतर सगळं आलं. खेलरत्न आलं, नंदींना द्रोणाचार्य मिळाला, २०१७ मध्ये दीपाला पद्मश्री मिळाली. हैदराबादहून सचिन तेंडुलकरच्या हस्ते बीएमडब्ल्यू गाडी मिळाली. ती गाडी तिनं परत केली आणि त्या पैशात साधी गाडी घेतली, कारण आगरतळ्याचे रस्ते अरुंद आणि दुरुस्तीचं केंद्र गावात नाही. याची तेव्हा काहींनी थट्टा केली. मला तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात शहाणा व्यवहार वाटतो. आमच्याकडे कर्जावर ट्रॅक्टर घेऊन सुट्या भागापायी तो गोठ्यात उभा ठेवणारे किती तरी पाहिले आहेत. आणखी एक गोष्ट मला आवडते: रिओहून परतल्यावर ही मुलगी लगेच राज्यशास्त्राच्या एम. ए.ची परीक्षा द्यायला बसली.

पण गुडघा बसला नाही स्वस्थ. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली. जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानात मर्सिनला जागतिक चॅलेंज चषकात तिनं व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. असं सुवर्ण त्याआधी कुणा भारतीयाच्या हाती लागलं नव्हतं. प्रोडुनोव्हा तोवर मागं पडली होती. पुन्हा दुखापती. आणि मग ११ ऑक्टोबर २०२१ ला घेतलेल्या नमुन्यात हायजेनामाइन नावाचं बंदी असलेलं द्रव्य सापडलं. हे द्रव्य काही वनस्पतींत असतं, त्यांच्या अर्कांतून पूरक आहारात येतं. नकळत पोटात गेलं असं तिनं सांगितलं. एकवीस महिन्यांची बंदी, १० जुलै २०२३ ला संपली. ही बातमी लोकांना कळली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे शिक्षा बरीचशी भोगून झाल्यावर. तोवर ती का खेळत नाही याच्या नाना कहाण्या झाल्या. नकळत की कळत, हा निवाडा मी करणार नाही. खेळाच्या कायद्यात पोटात काय गेलं याची जबाबदारी खाणाऱ्याचीच असते, आणि तो कायदा कडक असला तरी त्याशिवाय दुसरा चालणार नाही हेही मला पटतं.

पटत नाही ते त्यानंतरचं. बंदी संपता संपता हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली. दीपा पहिली आली. तरी तिला पाठवलं गेलं नाही. कारण नियमात असं होतं की मागच्या बारा महिन्यांतली कामगिरी आधीच्या आशियाई स्पर्धेतल्या आठव्या क्रमांकाच्या तोडीची हवी. मागचे बारा महिने ती बंदीत होती. ज्या काळात खेळायला मनाई, त्याच काळातल्या खेळाचा दाखला आणा! परिपत्रकं काढणाऱ्यांच्या जगात मी आयुष्य काढलं आहे, मला यात नवल वाटलं नाही. मयत खातेदाराला स्वतः हजर राहून सही करण्याचं पत्र गेलेलं मी पाहिलं आहे. हांगझोऊला भारताची एकटी जिम्नॅस्ट म्हणून बंगालची प्रणती नायक गेली.

परिपत्रकावरून आमच्या दफ्तऱ्याच्या मुलीचं सांगतो. ती दहा-अकरा वर्षांची असताना अमरावतीत मल्लखांब शिकायची. तिथल्या एका मास्तरांनी सांगितलं की हिला जिम्नॅस्टिक्समध्ये घाला, पण त्यासाठी जिथं पूर्ण साधनं आहेत अशा शहरात वसतिगृहात ठेवावं लागेल. दफ्तरी माझ्याकडे आला. "साहेब, पोट्टी चांगली करते म्हंते मास्तर. पन खुराकाचं अन् राहन्याचं कसं करू?" मी प्रस्ताव तयार केला. शैक्षणिक कर्ज इंजिनिअरिंगला मिळतं, नर्सिंगला मिळतं. कोलांटीला का मिळू नये असा माझा युक्तिवाद होता. वरच्या कार्यालयानं तो दोन ओळींत परत पाठवला: सदर अभ्यासक्रम यादीत नाही आणि परतफेडीचा स्रोत स्पष्ट होत नाही. बँक कुठली ते सांगत नाही. कुठलीही असती तरी त्या दोन ओळी त्याच असत्या. दफ्तऱ्याला मी कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "मंग बरोबरच हाय ना साहेब. थे तरी का करन?" त्याच्या या समजूतदारपणाचा मला त्या दिवशी राग आला.

दीपाची गोष्ट ताश्कंदला संपली. २६ मे २०२४, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, व्हॉल्ट. गुण १३.५६६. दुसऱ्या क्रमांकावर उत्तर कोरियाची मुलगी, १३.४६६. या वेळी दहा शतांश तिच्या बाजूला होते. आशियाई अजिंक्यपदात भारताचं हे पहिलंच सुवर्ण. ज्या मुलीला जग एका जीवघेण्या उडीसाठी ओळखत होतं, तिनं सगळ्यात मोठं यश मिळवलं ते ती उडी न घेता. त्याच स्पर्धेसाठी, त्याच गावात, अठ्ठेचाळीस वर्षांची चुसोविटिनाही होती. ताश्कंद तिचं स्वतःचं गाव. पॅरिस ऑलिंपिकची तिची शेवटची संधी होती. दुखापत झाली आणि तिला माघार घ्यावी लागली. रिओला एकाच रात्री प्रोडुनोव्हा घेतलेल्या त्या दोघी आठ वर्षांनी एका गावात होत्या, एक पदक घेऊन आणि एक पाय धरून. ७ ऑक्टोबर २०२४ ला दीपानं निवृत्ती जाहीर केली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

रिओच्या त्या रात्रीनंतर काही तासांत, १५ ऑगस्टला सकाळी आमच्या शाखेचं झेंडावंदन होतं. झोप कुणाचीच झाली नव्हती. पेढे वाटताना दफ्तरी म्हणाला, "चवथी आली तरी इतले लोकं वाखानून राह्यले, पह्यली आली असती तं का झालं असतं!" त्याची मुलगी बाजूला उभी होती. तिनं विचारलं, "काकाजी, चौथीले काहीच नाही भेटत का?" मी म्हटलं, ऑलिंपिकमध्ये पहिल्या आठ जणांना प्रमाणपत्र मिळतं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग चालते.

ती पोर जिम्नॅस्टिक्सला गेली नाही. मल्लखांब चालू राहिला, दोरीवर ती राज्यापर्यंत खेळली. आता बी. पी. एड. करते आणि रविवारी चांदुरात एका शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस मुलींना कोलांट्या शिकवते. मागच्या महिन्यात मी पाहायला गेलो होतो. अंथरायला मॅट नाही, दोन गाद्या आहेत, इथल्याच कापसाच्या, इथेच पिंजून भरलेल्या. कापूस दबला की ती त्या उन्हात टाकते आणि काठीनं झोडपते. तिला विचारलं, प्रोडुनोव्हा शिकवणार का? हसून म्हणाली, "नाही काकाजी. आधी पडाचं कसं थे शिकवते." आणि खरंच, मी गेलो तेव्हा सगळ्या पोरी ओळीनं येऊन एकेक करून नुसत्या पडत होत्या, हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, आणि पुन्हा उठून ओळीत जाऊन उभ्या राहत होत्या.